तीन बोटांचं तोंड

उजवीकडची, खालची, मागून दुसरी दाढ. त्या गुऱ्हाळावर इंजिन होतं, घाणा होता, दोन माणसं आडवी झोपतील एवढी काहील होती, पण गूळ झाला की नाही हे सांगायला ती एकच दाढ होती, आणि ती होती गुळव्याच्या तोंडात.

काहिलीतला रस आटून आटून घट्ट व्हायला आला की गुळव्या पळीभर पाक थंड पाण्याच्या टोपात सोडायचा, बोरापेक्षा लहान गोळी वळायचा आणि त्या दाढेखाली धरून चावायचा. गोळी दाढेला चिकटली तर मान हलवायचा, म्हणजे अजून थांबा. कट्कन तुटली की हात वर. मग चौघं गडी धावत येऊन काहील उतरवायचे. जरा अलीकडे झालं की गूळ चिकट, जरा पलीकडे झालं की करपट. ही चावायची रीत त्याच्या बापाची. दिवसाला सहा काहिली, एकेका काहिलीला चार-पाच गोळ्या, आणि हे बावीस हंगाम. इतकं गोड खाऊन तोंडात दात राहिले किती, तर अकरा.

"अकरा आहेत, पण अकराच्या अकरा इमानी," असं तोच म्हणायचा आणि खो खो हसायचा. हसताना मात्र तोंडावर हात धरायचा.

त्याच्या बायकोला सगळे जाळवाली म्हणत. काहिलीखाली चार पायऱ्या उतरून एक खड्डा होता, तिथे भट्टीच्या तोंडाशी बसून रस काढलेल्या उसाची वाळकी चिपाडं आत सारायची, हे तिचं काम. खड्ड्यातून तिला नवरा दिसायचा तो खालून. पाय, लुंगीचा काठ, पळी धरलेला हात आणि हनुवटीची खालची बाजू. दिवसभर ती त्या हनुवटीशी बोलायची म्हणा ना. पळी काहिलीच्या काठावर एकदा वाजली की जाळ वाढव, दोनदा वाजली की कमी कर. तेरा वर्षांच्या संसारात ही पळीची भाषा त्यांना तोंडाच्या भाषेपेक्षा जास्त कामाला आली होती.

आणि त्यांची सात वर्षांची लेक, खारूताई. सारखं काहीतरी कुरतडत असायची म्हणून ते नाव. रडली की गुळाचा खडा, शाळेला निघाली की गुळाचा खडा, आई खड्ड्यात आहे, मध्येमध्ये करू नको म्हणून गुळाचा खडा. पुढचे चार दात काळे पडून बुंध्याशी झिजले होते. पण ते दुधाचे, आज ना उद्या पडणारच. गुऱ्हाळावरच्या सगळ्याच पोरांचे तसे होते, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

तर हंगाम ऐन भरात असताना ती दाढ दुखायला लागली.

गुळव्या पहिले चार दिवस बोललाच नाही. गोळी दाढेखाली धरायच्या आधी डोळे मिटायचा, एवढंच. जाळवालीनं खालून पाहिलं, त्याच्या हनुवटीखालची शीर टरारून वर येते आणि मग खाली बसते. पाचव्या दिवशी त्यानं गोळी डाव्या बाजूला धरली. डाव्या बाजूला होतं काय? नुसत्या हिरड्या. त्यानं अंदाजानं हात वर केला, गड्यांनी काहील उतरवली, आणि दुपारी साचे उलटे केले तर ढेपा पसरट व्हायला लागल्या, ओल्या चिखलासारख्या.

मालक आला. त्यानं एका ढेपेत बोट घातलं, ते आरपार गेलं. चारचौघांदेखत त्यानं ते बोट गुळव्यासमोर धरलं.

"चाट," तो म्हणाला. "चाटून सांग, हा गूळ आहे की काकवी?"

गुळव्यानं खरंच चाटलं. गडी हसले. जाळवाली खड्ड्यातून वर बघत होती, तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण करते काय.

"पाक मोजायची काच आणलीय मी," मालकानं खिशावर थाप मारली. लांबडी नळी होती ती, आकडे कोरलेली. "पाकात बुडवली की सांगते. तिला दाढदुखी होत नाही. पुढच्या काहिलीला हात चुकला तर उद्यापासून तू उसाच्या मोळ्या उचलायला जा."

त्या संध्याकाळी नवरा-बायको खोपीच्या दारात उजेडाकडे तोंड करून बसले.

"आ करा," ती म्हणाली.

त्यानं आ केला. दाढेच्या मधोमध भोक होतं, आगकाडीचं टोक सहज जाईल एवढं, कडेनं काळंभोर.

"बुजव," तो म्हणाला. "वारा लागतो म्हणून ठणकतंय. बाबांची दाढ माझी आई नेहमी बुजवून द्यायची."

हे काम गुऱ्हाळावर सगळ्यांनाच यायचं. कडक पाकाचा थेंब आगकाडीच्या टोकावर घ्यायचा, कोमट असताना भोकात सोडायचा, वरून बोट दाबायचं. थंड झाला की दगडासारखा बसतो. विरघळला की पुन्हा घालायचा. डॉक्टर तरी दुसरं काय करतो, असं सगळे म्हणत. जाळवालीचा हात या कामात बसलेला होता. तिनं थेंब सोडला, गुळव्या टाचा घासत राहिला, आणि मग हळूहळू त्याचे खांदे खाली आले.

"झालं. गेलं बघ दुखणं."

खारूताई शेजारी उभी राहून बघत होती. तिनंही आ केला.

"माझी पण. मला पण मागं ठणकतं."

"तुझी दुधाची गं, पडेल आपोआप."

"माझी पण बुजव ना!"

आगकाडीवर अर्धा थेंब उरलाच होता. जाळवालीनं हसत तिचीही बुजवली. पोरगी खूश होऊन आरशात बघायला पळाली.

तीन दिवस बरे गेले. गोळी कट्कन तुटायची, हात वर जायचा, गूळ असा व्हायचा की ढेपेवर थाप मारली तर टण्ण वाजावं. काच मालकाच्या खिशातच राहिली. चौथ्या दिवशी सकाळी गुळव्या उठला तो उजवा गाल फुगवूनच.

"एका गालात काय लपवलंय?" एका गड्यानं विचारलं.

"मालकाचं बोट," गुळव्या म्हणाला, आणि सगळे हसले. हसताना त्यानं तोंडावर हात धरला नाही, कारण तोंड पूर्ण उघडतच नव्हतं. ते फक्त जाळवालीच्या लक्षात आलं.

सगळ्यांनी सांगितलं, शेका. मग काय, भट्टी तर घरचीच होती. प्रत्येक काहील उतरली की तो पायऱ्या उतरून खड्ड्यात यायचा, ती फडकं तापवून गालावर धरायची. शेकलं की बरं वाटायचं. आणि दर वेळी सूज जरा खाली सरकलेली असायची.

दुपारी फडकं धरता धरता तिची बोटं त्याच्या जबड्याखाली लागली आणि तिथंच थांबली. तिथला मऊ भाग लाकडासारखा टणक झाला होता.

हा टणकपणा तिच्या बोटांना ठाऊक होता.

लग्न होऊन ती या गुऱ्हाळावर आली त्याच वर्षी सासरे गेले. तेही गुळव्याच होते. असाच गाल सुजला, असेच सगळे म्हणाले शेका. मग सूज हनुवटीखाली उतरली. त्यांना पाणी पाजायचं काम नव्या सुनेकडे होतं. पहिल्या दिवशी त्यांच्या तोंडात तीन बोटं मावतील एवढी जागा होती, तिनं वाटीनं पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी दोन बोटं, मग चमच्यानं पाजलं. तिसऱ्या दिवशी चमचा आत गेला नाही. जीभ वर उचलली गेली होती, लाळ गळत होती, आणि श्वास घेताना घशातून शिट्टी वाजत होती. दुपारी शिट्टी थांबली. थंडी बाधली, असं लोक म्हणाले. कुणी म्हणालं वय झालं होतं. सासऱ्यांचं वय तेव्हा सत्तेचाळीस होतं.

"तोंड उघडा," ती नवऱ्याला म्हणाली.

"कशाला?"

"उघडा म्हणते ना!"

तिनं आपली तीन बोटं उभी धरली. गेली नाहीत. दोन गेली.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"वेडी का काय? अजून तीन काहिली आहेत." तो तोंडातल्या तोंडात बोलत होता. "तिथं गेलो की पहिली दाढ उपटतात. दाढ गेली की मी कोण? मोळ्या उचलणारा. उद्या बघू."

"तुमचे वडील उद्या बघू म्हणाले होते."

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

तो पायऱ्या चढून गेला. वर जाताना त्यानं दोनदा थांबून आवंढा गिळला. एरवी माणूस आवंढा गिळतो ते कुणाला कळतही नाही, पण त्याच्या प्रत्येक आवंढ्याला खांदे वर होत होते. जाळवालीला भीती वाटली, अशी भीती की चिपाडं कुठल्या हातानं उचलायची तेच तिला सुचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पुन्हा बोटं लावली. एक गेलं. एकच.

तिनं आरडाओरडा केला नाही. ती सरळ मालकाकडे गेली.

"मालक, ट्रॅक्टर द्या. यांना दवाखान्यात न्यायचंय."

"नेऊ की. ऊस तोडून पडलाय, वाळतोय. काहील आत्ताच चढलीय. एवढी होऊ दे, मग न्या."

"एक काहील म्हणजे अडीच तास."

"दाढच दुखतेय ना, बाई? दाढदुखीनं मेलेला माणूस दाखव मला एक."

दाखवायला तिच्याकडे एक होता, पण तेव्हा तिलाही ते नक्की माहीत नव्हतं. नुसता संशय होता, आणि संशयावर ट्रॅक्टर मिळत नाही.

ती खड्ड्यात उतरली. चिपाडं सारू लागली. काहील खदखदायला लागली, वाफेचा ढग छपराला भिडला. वर गुळव्या पळी घेऊन उभा राहिला. तो काही बोलत नव्हता, बोलणं केव्हाच बंद झालं होतं. चारचौघं त्याला समोरून बघत होते. समोरून काय दिसणार? सुजलेला गाल. खालून फक्त तिला दिसत होतं. हनुवटीखाली एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत लाल, ताणलेली, चकाकणारी कातडी, आणि लाली आता गळ्याच्या घाटीवर उतरली होती. लाळेचा थेंब हनुवटीवरून सुटला आणि तिच्या हातावर पडला.

पळी काठावर वाजली. एकदा. जाळ वाढव.

जाळवालीनं चिपाडाचा भारा उचलला. इंजिनाचा आवाज होता, रसाचा आवाज होता, तरी तिनं कान देऊन ऐकलं, आणि त्या सगळ्यातून तिला ती शिट्टी ऐकू आली. बारीक होती. पण तीच.

पळी पुन्हा वाजली. एकदा.

तिनं भारा खाली टाकला. लांब लोखंडी आकडी घेतली, भट्टीच्या तोंडात खुपसली आणि पेटती चिपाडं बाहेर ओढायला सुरुवात केली. एक ओढ, दुसरी ओढ, तिसरी. ठिणग्या पायावर पडल्या, तिनं पाय झटकले आणि ओढत राहिली. शेजारची पाण्याची घागर उचलून निखाऱ्यांवर ओतली. खड्डा धुरानं भरला.

अर्धी आटलेली काहील विझवणं म्हणजे काय, हे गुऱ्हाळावर काम केलेल्यालाच कळेल. तो रस ना रस राहतो, ना गूळ होतो. इतक्या हंगामांत असं कुणी केलं नव्हतं.

पळी वाजत होती, एकदा, एकदा, एकदा. मग गुळव्या खड्ड्याच्या काठावर वाकला, डोळे विस्फारून. मागून मालक धावत आला.

"काय केलंस हे? काहील गेली ना माझी!"

"गेली," ती खोकत पायऱ्या चढून आली. तिचं तोंड काजळीनं काळं झालं होतं. "दुसरी चढवा. आता यांना थांबवायला कारण उरलं नाही, ट्रॅक्टर काढा. देता का मी रस्त्यावर आडवी पडू?"

मालक शिव्या द्यायला लागला आणि मध्येच थांबला. तिनं नवऱ्याची हनुवटी धरून मान वर केली होती. मालकानं पहिल्यांदाच ती खालची बाजू पाहिली.

"ट्रॅक्टर काढ रे," तो ड्रायव्हरला म्हणाला.

रस्त्यात गुळव्याला आडवं होता येईना. आडवा झाला की श्वास कोंडायचा. तो ट्रॉलीत दोन्ही हात टेकून पुढे वाकून बसला, त्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती, आणि जाळवाली ती डोक्याच्या फडक्यानं पुसत होती. खारूताई बापाच्या पाठीला पाठ लावून बसली होती. हातातला गुळाचा खडाही ती खायची विसरली होती. शिट्टी वाजतेय तोवर श्वास आहे, असं मनाशी म्हणत जाळवाली ती शिट्टी ऐकत राहिली. खड्ड्यात ट्रॉली आदळली की क्षणभर ऐकू यायची नाही, तेव्हा ती त्याच्या तोंडाजवळ कान न्यायची.

सरकारी दवाखान्यात केसपेपरची रांग दारापर्यंत होती. जाळवाली रांगेत उभी राहिलीच नाही. तिनं नवऱ्याला सरळ आत नेलं, पांढरा कोट घातलेली पहिली बाई दिसली तिच्यासमोर उभं केलं आणि म्हणाली, "एकच बोट जातंय."

ती दातांची डॉक्टरीण होती. तिनं काही विचारलं नाही. त्याच्या हनुवटीखाली दोन बोटं दाबली आणि वळून अशी ओरडली की रांगेतली माणसं गप्प झाली. त्याला पळवत नेलं. दार बंद झालं.

बाकावर बसून जाळवाली आपल्याच तीन बोटांकडे बघत होती. आगकाडी याच बोटांनी धरली होती. दाबलं होतं याच बोटानं.

तासाभरानं डॉक्टरीण बाहेर आली. हनुवटीखाली चिरून पू काढला होता, वाटीभर. श्वासाची नळी घातली होती.

"वाचेल," ती म्हणाली. "आणखी दोन तास उशीर झाला असता तर मी असं म्हणू शकले नसते. दाढेतनं सुरू झालंय सगळं. तुमच्या घरात याआधी कुणी असं गेलंय का?"

"सासरे." जाळवालीनं बोटं मुठीत मिटली. "थंडी बाधली म्हणाले होते."

"दात कसे होते त्यांचे?"

"यांच्यासारखेच," जाळवाली म्हणाली. तेरा वर्षं तिनं त्या माणसाच्या मरणाचा दोष थंडीला दिला होता.

पाचव्या दिवशी गुळव्याच्या तोंडात दोन बोटं जायला लागली. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ती दाढ काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. वरच्या भोकात अजून तपकिरी पाक घट्ट बसलेला होता.

"किडीला आतमध्ये कोंडून वर खाऊ दिलात तुम्ही," बाई म्हणाल्या. "बाहेर यायची वाट बंद झाली, मग आत झालेला पू खाली गेला. आणि यापुढे पाक चावायचा नाही. उरलेले दहा टिकवायचे असतील तर."

बाई गेल्यावर गुळव्या बराच वेळ दाढ हातात फिरवत बसला. गळ्याला पट्टी, डोळे खोल गेलेले.

"आता मी कशानं सांगू, गूळ झाला म्हणून?"

"माझ्या कानानं," जाळवाली म्हणाली. "गूळ व्हायला आला की बुडबुड्याचा आवाज जड होतो. मला खालून ऐकू येतो. तुमचा हात वर जायच्या आधीच मी जाळ कमी करायला घेतलेला असतो. कधी बघितलंत का वाकून?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग हसू आलं, टाके ओढले गेले, आणि त्यानं हाय हाय करत गळा धरला. पाच दिवसांत ती पहिल्यांदा हसली. संकट टळलं, असं तिला वाटलं.

घरी जायच्या दिवशी कागद घ्यायला ती लेकीला घेऊन बाईंच्या खोलीत गेली. खारूताईला ती वरखाली होणारी खुर्ची फार आवडली होती. बाई म्हणाल्या, "बस, तुझेही बघू." पोरगी उडी मारून बसली, आ केला आणि स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घातली.

"बघा, माझी तीन जातात!"

बाई हसल्या. दिवा ओढून आत बघितलं. मग त्यांचं हसू गेलं. त्यांनी बारीक आकडी घेतली, मागं काहीतरी खरवडलं आणि ते लोखंडी ताटलीत टाकलं. तपकिरी खडा होता, तांदळाएवढा.

जाळवालीच्या हातातले कागद खाली पडले.

"दुधाची आहे ती," ती घाईघाईनं म्हणाली. "दुधाचीच आहे. पडणार आहे ना, बाई?"

"नाही ताई. सहाव्या वर्षी सगळ्यात मागं जी येते ती दुधाची नसते. ही जन्माची. ही गेली की हिच्या जागी दुसरी येत नाही." बाई थोडं थांबल्या. "तुमच्या नवऱ्याची काढली ना, तीच ही. उजवीकडची, खालची. त्यांनाही अशीच आली असणार सहाव्या वर्षी. हे कुणी बुजवलं?"

"आईनं," खारूताई तोंड उघडं ठेवूनच म्हणाली, कौतुकानं. "बाबांची पण आईनंच बुजवली. माझ्या आईला छान येतं."

जाळवालीनं भिंतीला हात टेकला.

"राहील का?" तिनं विचारलं.

"आत किती गेलंय ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. नशिबानं अजून सूज नाहीये. आत्ता साफ करते. पण तिनं तोंड मिटता कामा नये."

बाईंनी यंत्र सुरू केलं. चर्रर्र आवाज झाला आणि खारूताईनं तोंड गच्च मिटलं, डोळेही मिटले, मान इकडून तिकडे हलवायला लागली. नर्सनं धरून बघितलं. बाईंनी समजावून बघितलं. शेवटी पोरगी हुंदके देत मूठ उघडून दाखवू लागली. मुठीत चिकट झालेला गुळाचा खडा होता. हा खाऊ दे, मग मी गप्प बसते, असं तिला म्हणायचं होतं. तिला तेवढाच सौदा ठाऊक होता.

जाळवालीनं तो खडा तिच्या मुठीतून काढून घेतला. मग खुर्चीच्या बाजूला गुडघे टेकले, लेकीचं तोंड उघडलं आणि डाव्या बाजूला आपली तीन बोटं उभी करून दातांमध्ये धरली.

"चाव मला," ती म्हणाली. "हवं तेवढं चाव. पण मिटू नकोस."

यंत्र पुन्हा सुरू झालं. खारूताईनं चावलं, सगळा जीव एकवटून चावलं. जाळवालीनं बोटं काढली नाहीत.